शांतारामबापू : सोनं किती, कथील किती?

(श्रावणातल्या मासिक सभेत रायापूर येथे मंडळाच्या चित्रपट अभ्यासगटाच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर)



हुबळीकरांना रायापूर धारवाडच्या अंगाला वाटतं आणि धारवाडकरांना हुबळीच्या. दोघांनाही सारखीच तक्रार करता यावी म्हणून सभा इथे ठेवली, असं आमचे खजिनदार सांगतात. तरीही चिगरी बस पकडून दोन्हीकडून इतकी माणसं आली, याचा आनंद वाटतो. चहा आणि गिरमिट भाषणानंतर आहे, त्यामुळे कोणी मधेच उठणार नाही, अशी खात्री आहे.

विषयाकडे येऊ. येत्या १८ नोव्हेंबरला व्ही. शांताराम यांच्या जन्माला १२५ वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त गणेशोत्सवातल्या एका संध्याकाळी त्यांचा एक चित्रपट दाखवावा, असं कार्यकारिणीनं ठरवलं आणि चित्रपट निवडायचं काम आमच्या गटाकडे दिलं. ज्येष्ठांनी जवळजवळ एका सुरात ‘नवरंग’ सांगितला. तरुणांनी मात्र चित्रपटाचं नाव सुचवण्याऐवजी प्रश्न विचारला : शांताराम खरंच एवढे मोठे होते का? की मोठे म्हणायची सवय पडली म्हणून मोठे? त्यांचा शब्द होता ‘ओव्हररेटेड’. आपल्या आज्या यालाच ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणायच्या.

काही ज्येष्ठांना या प्रश्नाचा राग आला. आम्हांला तो आला नाही. ज्या मुलांनी ‘केजीएफ’, ‘कांतारा’ आणि राजामौलींचे चित्रपट थिएटरात शिट्ट्या मारत पाहिले, ती आपापल्या आवडत्या दिग्दर्शकांबद्दलही हाच वाद घालतात. देवळातल्या मूर्तीबद्दल असा वाद कोणी घालत नाही. ज्याच्याशी अजून आपला काही व्यवहार आहे, त्याच्याबद्दलच घालतो. म्हणून आम्ही सात जणांनी या पावसाळ्यात शांतारामबापूंचे नऊ चित्रपट ओळीनं पाहिले : ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘नवरंग’ आणि ‘पिंजरा’. आज जे सांगतो आहोत, ते त्यातून निघालेलं आहे. सातही जणांचं सगळ्या बाबतींत एकमत झालं, असं मात्र समजू नका.

आधी आपल्या गावाच्या अभिमानाबद्दल. हुबळीत शांतारामांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, ‘ते आपलेच.’ यात तथ्य आहे. त्यांचा जन्म १९०१ साली कोल्हापूरचा. लहानपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. त्यानंतर पोरवयात ते हुबळीला आले. इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी काम केलं आणि इथल्याच एका लहानशा सिनेमागृहात पडेल ते काम केलं. हे वर्कशॉप १८८५ पासूनचं आहे. शांतारामांच्या वेळच्या रेल्वे कंपनीच्या नावातच ‘मराठा’ होता : मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे याच रेल्वेच्या नोकरीपायी घाटावरून इकडे आले. हातांना ग्रीस लागलेला तो मुलगा संध्याकाळी सिनेमाच्या दाराशी उभा असेल, तेव्हा आपल्या एखाद्या पणजोबांनी त्याच्यासमोरून आत प्रवेश केला असेल, हे अगदी शक्य आहे.

पण ‘हुबळीनं शांताराम घडवला’ हे वाक्य ताणलेलं आहे. चित्रपटाचा धंदा ते इथे नाही, कोल्हापूरला शिकले. १९२० साली ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. स्वतः खटपट करून देशी कॅमेरा तयार करणारे हे बाबूराव. त्यांच्या हाताखाली शांतारामांनी झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सगळं केलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. आपल्या गावाच्या वाट्याला एका मुलाची उमेदवारीची थोडी वर्षं येतात. तेवढीच सांगावीत. ती काही कमी नाहीत.

अभिमानच धरायचा तर आणखी एक नाव आहे आणि ते आपल्या सभांमध्ये क्वचित ऐकू येतं. शांतारामांच्या १९३९ च्या ‘माणूस’ची नायिका होत्या शांता हुबळीकर. आपल्या गावाचं नाव या बाईंनी आयुष्यभर आडनावासारखं मिरवलं. त्यांची मैना सबंध महाराष्ट्राला वेड लावून गेली. शांतारामांची तसबीर लावताना शेजारी त्यांची लावायची राहते, हे आम्हांला खटकलं.

आता आरोपांकडे वळतो. तरुणांनी आमच्यापुढे तीन आरोप ठेवले. एक, शांताराम भडक आहेत. दोन, ते उपदेश करतात. तीन, ‘व्ही. शांताराम’ या नावाखाली इतरांचं पुष्कळ काम झाकलं गेलं आहे.

पहिला आरोप भडकपणाचा. ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ चा. टेक्निकलरचे रंग, कारंजी, महाल, मोठमोठी नृत्यं. त्याच वर्षी बंगालमध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला. एकाच देशात, एकाच वर्षी काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावणारी दोन मुलं आणि इकडे ही रंगांची उधळण. आजची पिढी पहिल्यापुढे गप्प होते आणि दुसऱ्यापुढे हसते. ‘नवरंग’ पाहताना तर आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सभासदानं तासाभरात विचारलं, “काका, हे सगळे एवढ्या मोठ्यानं का वागतात?” उत्तर देणं कठीण गेलं. गोपीकृष्णांचं कथक आजही बघत राहावं असं आहे. संध्याबाईंनी ‘झनक झनक’साठी नृत्याची तालीम घेऊन जी मेहनत केली, ती पडद्यावर दिसते. ‘नवरंग’ला सी. रामचंद्रांचं संगीत लाभलं आहे. हे सगळं मान्य. पण या दोन्ही चित्रपटांत गोष्ट म्हणजे गाण्यांना टांगायची खुंटी झाली आहे आणि प्रत्येक भावना आधी रंगवून, मग सजवून, मग पुन्हा एकदा समजावून सांगितली जाते. हा आरोप या दोन चित्रपटांपुरता आम्ही मान्य करतो.

दुसरा आरोप उपदेशाचा. तो संपूर्ण खरा आहे. शांतारामांना चित्रपटातून काहीतरी सांगायचंच असे. ‘अमृतमंथन’मध्ये देवीपुढच्या बळीविरुद्ध, ‘धर्मात्मा’मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध, ‘दहेज’मध्ये हुंड्याविरुद्ध. १९५३ च्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्ये तर निरनिराळ्या प्रांतांतल्या सुना एका घरात आणून त्यांनी भाषांचं भांडण सोडवायचा प्रयत्न केला. कानडी सुना असलेल्या आपल्या घरांना तो विषय वेगळा समजावून सांगायला नको. पण उपदेश करणं हा गुन्हा आहे का? आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, उपदेश ऐकताना वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघायला लागली, तर उपदेश फसला. न बघता ऐकत राहिली, तर तो धडा झाला. ही कसोटी आम्ही नऊही चित्रपटांना लावली. ‘शेजारी’ १९४१ चा. आदल्याच वर्षी लाहोरला वेगळ्या राष्ट्राची मागणी झाली होती. त्या हवेत शांतारामांनी एका खेड्यातले दोन म्हातारे मित्र दाखवले, एक हिंदू, एक मुसलमान. धरणाच्या धंद्यासाठी बाहेरचा माणूस त्यांच्यात फूट पाडतो आणि शेवटी फुटत्या धरणावर दोघं एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त तर मुसलमान म्हाताऱ्याचं काम जागीरदारांनी केलं आणि हिंदू म्हाताऱ्याचं मजहर खान यांनी. पडद्यावर उपदेशाचं एक वाक्य न उच्चारता ही अदलाबदल जे सांगते, ते पुरेसं आहे. त्या रात्री आमच्यापैकी कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

तिसरा आरोप आम्हांला सगळ्यांत गंभीर वाटला. आजही कित्येक घरांत ‘संत तुकाराम’ हा शांतारामांचा चित्रपट म्हणून सांगितला जातो. तो त्यांचा नाही. १९३६ च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, तुकाराम विष्णुपंत पागनीसांचे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचा गौरव झाला, तो हा चित्रपट. तो ‘प्रभात’चा होता आणि लोकांच्या मनात ‘प्रभात’ म्हणजे शांताराम, म्हणून तोही त्यांच्या खात्यावर जमा झाला.

‘प्रभात’ म्हणजे एकटे शांताराम कधीच नव्हते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांनी ही कंपनी काढली. कॅमेरा केशवराव धायबरांकडे. दामले तंत्रज्ञ, बोलपट आल्यावर ध्वनीची बाजू त्यांनी उभी केली. फत्तेलाल कलादिग्दर्शक, ‘अयोध्येचा राजा’मधला दरबार असो की ‘कुंकू’मधला वाडा, तो त्यांच्या हातचा. पैशाची बाजू सीताराम कुलकर्णींकडे. दिग्दर्शन मुख्यत्वे शांतारामांकडे. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच ‘प्रभात’नं जागीरदारांचा ‘रामशास्त्री’ दिला. म्हणजे ते गेल्यावरही त्या वास्तूत कस शिल्लक होता. संगीताचंही तेच. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव, पुढे वसंत देसाई. या माणसांना वजा करून शांतारामांचा चित्रपट ऐकून बघा, म्हणजे कळेल.

इथवर येऊन आमच्यातले तरुण समाधानानं मागे टेकले. निकाल लागला, असं त्यांना वाटलं. पण याच ठिकाणी आमच्या गटातल्या एका काकांनी हरकत घेतली आणि ती महत्त्वाची आहे. ते म्हणाले, “चांगलं झालं ते सोबत्यांमुळे आणि वाईट झालं ते शांतारामांमुळे, हा कुठला न्याय? असं तर कुठल्याही दिग्दर्शकाला शून्य मार्क देता येतील.”

म्हणून आम्ही ‘कुंकू’ पुन्हा पाहिला. एकदा पाहिलेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याची वेळ फक्त याच चित्रपटाच्या बाबतीत आली. त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

‘कुंकू’ १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला. तरुण मुलीचं म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावतात, हा विषय तेव्हा नवा नव्हता. त्याआधी ३८ वर्षं देवलांच्या ‘शारदा’ नाटकानं तोच विषय रंगभूमीवर गाजवला होता. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. ‘शारदा’मध्ये लग्न मोडतं आणि मुलगी वाचते. वाचवणारे बाहेरचे आहेत, धर्मपीठाचा निर्णयही मदतीला येतो. ‘कुंकू’मध्ये लग्न होऊन जातं. फसवून लावलेलं असतं, पण लागलेलं असतं. वाचवायला आता कोणी येणार नाही. आणि तिथून ती मुलगी, नीरा, त्या घरात राहून नवऱ्याला साफ सांगते की हे लग्न मला मान्य नाही. ती पळून जात नाही. विहीरही जवळ करत नाही. त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर ताठ मानेनं राहते. अंगावर येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते. १९३७ साली, प्रेक्षागृहात अशीच लग्नं झालेल्या बायका बसलेल्या असताना.

आता यात दिग्दर्शकाचं काम कोणतं, ते पाहा. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. दुःखाच्या प्रसंगी सारंगी वाजत नाही. घरातले आवाज, पावलं, घड्याळाचे ठोके, बस. ज्यांच्या हाताशी ‘प्रभात’चा वाद्यवृंद होता, त्यांनी तो वाजू दिला नाही. म्हाताऱ्याचं सरलेलं वय भिंतीवरच्या घड्याळातून आणि आरशातून कळतं. केशवराव दात्यांचा तो म्हातारा वकील राक्षस म्हणून रंगवलेला नाही. त्याचा राग येतो आणि पुढे त्याची कीवही येते. त्याची स्वतःची विधवा मुलगी सुधारक विचारांची. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं, ज्यांनी पुढे प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाचं कार्य केलं. आणि शांता आपट्यांची नीरा! अभिनय त्यांचा, वाडा फत्तेलालांचा, आवाज दामल्यांचे, गोष्ट आपट्यांची. पण या सगळ्यांना एका जागी आणून ‘आता कोणीही गरजेपेक्षा मोठ्यानं बोलायचं नाही’ हे सांगणारा माणूस एकच होता.

हेच ‘माणूस’बद्दल. त्या दिवसांत देशभर ‘देवदास’चं वेड होतं. प्रेमात हरलं की दारू प्यायची आणि प्रेयसीच्या दाराशी मरायचं. शांतारामांनी त्याला उत्तर म्हणून एक साधा पोलीस शिपाई उभा केला. शाहू मोडकांचा गणपत. तो मैनेच्या प्रेमात पडतो, तिला आईसमोर घेऊन येतो, सगळं कोसळतं, ती खून करून तुरुंगात जाते. गणपत मरत नाही. कामावर जातो. इतकंच. त्यात मैना अनेक भाषांतली कडवी असलेलं एक गाणं म्हणते आणि त्या काळच्या सिनेमातल्या बागेतल्या प्रेमाची यथेच्छ टिंगलही आहे. पुढे स्वतः बागा आणि कारंजी उभारणाऱ्या माणसानंच ही टिंगल केली होती, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

मग पुढे झालं काय? आमचा निष्कर्ष असा आहे. ‘प्रभात’मध्ये शांतारामांना अडवणारे लोक होते. दामल्यांसमोर, फत्तेलालांसमोर प्रत्येक कल्पना पटवावी लागे आणि खर्चाचा हिशेब भागीदारांना द्यावा लागे. परळला ‘राजकमल’ सुरू झाल्यावर निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, मालक तेच, कधी नायकही तेच. ‘पुरे’ म्हणणारं कोणी उरलं नाही. संस्था चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या अध्यक्षाला ‘साहेब, हे जमणार नाही’ असं सांगणारा चिटणीस नसतो, त्याचा मांडव दर वर्षी मोठा होत जातो आणि कार्यक्रम लहान.

(आमच्या अध्यक्षांनी हे वाक्य हसून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार.)

या निष्कर्षाला एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितला नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. पूर्णपणे ‘राजकमल’चा, नायक स्वतः शांताराम. अडवणारं कोणी नव्हतं, तरी चित्रपट उभा राहिला आणि बर्लिनला १९५८ मध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं. हे कसं? आमच्या मते, इथे त्यांनी स्वतःच स्वतःला अडवलं. रंगीत चित्रपटाचं घवघवीत यश पदरात असताना ते कृष्णधवलकडे परतले. महाल नाहीत, एक ओसाड जमीन, एक खोपटं, खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि एक जेलर. मूळ गोष्टही खरी आणि आपल्या जवळची. औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे १९३९ साली कैद्यांसाठी खुली वसाहत सुरू झाली होती. औंधचे राजे आणि भारतानंद हे नाव घेतलेले पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानं. त्याच आटपाडी भागातले ग. दि. माडगूळकर, त्यांनी ही कथा लिहिली. म्हैसाळ-मिरजेकडे सोयरिक असलेल्या आपल्या घरांना ही जमीन पाहिलेली आहे, ओळखीची आहे. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रपटात उपदेश आहे, पण माणसंच इतकी रखरखीत आहेत की उपदेशाला अंगावर रेशीम चढवता येत नाही.

तेव्हा तरुणांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. होय, शांतारामांचं मोल आपण वाजवीपेक्षा जास्त केलं, पण चुकीच्या चित्रपटांसाठी. आणि ज्यांच्यासाठी करायला हवं होतं, त्या ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’साठी पुरेसं केलंच नाही. रंगीत पोस्टर डोळ्यांत भरलं आणि घड्याळाचा ठोका ऐकायचा राहिला. एवढंच नाही, ‘चित्रपती’ ही पदवी देऊन आपण एका माणसाची मूर्ती केली आणि तिच्यामागे दामले, फत्तेलाल, भोळे, शांता आपटे, शांता हुबळीकर झाकले गेले. सोनं आहेच. त्यावर कथलाचा थर आपण चढवला.

याबाबत शांतारामांचाच एक चित्रपट आपल्याशी बोलतो. १९७२ चा ‘पिंजरा’. त्याची मूळ कल्पना जर्मनीतल्या १९३० च्या ‘द ब्लू एंजल’वरून आली, हे जाणकार सांगतात आणि काही जण ते हिणवायला सांगतात. प्रतिष्ठित मास्तर, नाचणाऱ्या बाईच्या नादी लागतो आणि रसातळाला जातो, इतकं दोन्हींत सारखं. पण मराठी चित्रपटात पुढे जे होतं, ते जर्मन चित्रपटात नाही. गावाला वाटतं, मास्तरांचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि तमाशाच्या फडात पडेल ते काम करणारा हा माणूस, म्हणजे स्वतः मास्तरच, मास्तरांच्या खुनाच्या आरोपात पकडला जातो. लोकांच्या मनातला पुतळा मोडू नये म्हणून तो खरं सांगत नाही. डॉ. लागूंचा तो चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना विसरणं शक्य नाही. तो चित्रपट बनवला तेव्हा शांताराम सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांचे स्वतःचे पुतळे लोकांच्या मनात केव्हाच उभे होते. त्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण पुतळा ठेवायचा की माणूस वाचवायचा, हा प्रश्न त्यांनी आपल्यासमोर ठेवला आहे आणि १२५ व्या वर्षी त्याचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे.

म्हणून आमची शिफारस. गणेशोत्सवात ‘कुंकू’ दाखवावा.

‘नवरंग’च्या चाहत्यांनी नाराज होऊ नये. त्यांना एक साधी गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. ‘नवरंग’ हिंदी आहे. आपल्या मंडळात वर्षातून एकच संध्याकाळ अशी येते, जेव्हा घरात फक्त आजीशी मराठी बोलणारी, शाळेत कानडी आणि इंग्रजी शिकणारी मुलं तीन तास एका जागी बसून मराठी ऐकतात. ती संध्याकाळ हिंदीला द्यायची का? ‘नवरंग’ची गाणी घरोघरी मोबाइलवर आहेतच. ‘कुंकू’ मात्र कोणी आपण होऊन लावणार नाही. आणि ‘कुंकू’तला प्रश्न जुना झाला, असंही कोणी समजू नये. मुलीला न विचारता तिचं ठरवून टाकणारी घरं आपल्या ओळखीत आहेत. वयाचा आकडा बदलला, वर परदेशात नोकरीला असतो, बाकी सारं तेच. आपल्या मुली-सुनांनी नीरेला ‘नाही’ म्हणताना ऐकावं, त्यांच्या शेजारी बसून आपणही ऐकावं, यासाठी ती संध्याकाळ हवी.

तीन व्यावहारिक सूचना. एक, कानडी सुना-जावयांसाठी सुरुवातीला दहा मिनिटं कानडीतून कथा सांगावी. आमच्या गटातल्या दोघी तयार आहेत. दोन, चित्रपटाआधी श्रेयनामावली माइकवरून मोठ्यानं वाचावी. दिग्दर्शकाच्या नावाबरोबर कादंबरीकार, कलादिग्दर्शक, ध्वनिमुद्रक, संगीतकार, छायालेखक, सगळ्यांची. मांडव घालणाऱ्यांची नावं आपण छापतो, तर यांची वाचायला हरकत नसावी. तीन, मांडवात शांतारामांच्या तसबिरीशेजारी शांता हुबळीकरांची तसबीर लावावी, त्याच आकाराची.

चित्रपट संपल्यावर दिवे लागतील तेव्हा तरुणांनी आपला प्रश्न पुन्हा विचारावा. त्या वेळी उत्तर द्यायला आम्ही सात जण पुढे येणार नाही. ज्यांनी ‘नवरंग’ सुचवला होता, त्यांनीच ते द्यावं, अशी त्यांना नम्र विनंती.

गिरमिट थंड होतंय.